सिद्धगडाच्या वाटेवर दिपोनेगोरो

जानेवारीच्या सुरुवातीला शहापूर-मुरबाडकडे निघाले, तेव्हा पिशवीत डब्याबरोबर दोन चित्रांचे रंगीत प्रिंट होते. दोन्ही चित्रं एकाच प्रसंगाची. तारीख २८ मार्च १८३०, स्थळ जावा बेटावरचं मागेलांग. पाच वर्षं डचांशी झुंजलेला राजपुत्र दिपोनेगोरो बोलणी करायला आला आणि जनरल डी कॉकने त्याला तिथंच कैद केलं. आपल्याकडे उमाजी नाईकांना पुण्यात फाशी झाली ती १८३२ मध्ये. म्हणजे काळ तोच, फक्त साहेब वेगळा.

पहिलं चित्र निकोलास पीनेमान या डच चित्रकाराचं. हा गृहस्थ जावाला कधी गेला नव्हता. त्याच्या चित्रात डच झेंडा फडफडतोय, डी कॉक वरच्या पायरीवर उभा राहून बोटानं घोडागाडी दाखवतोय आणि खालच्या पायरीवर दिपोनेगोरो हात पसरून, जणू ‘झालं ते झालं’ म्हणत उभा आहे. दुसरं चित्र १८५७ सालचं, राडेन सालेह या जावानी चित्रकाराचं. सालेह कलेचे पहिले धडे जावातच शिकला, मग युरोपात गेला, तिथल्या दरबारांत वावरला, मायदेशी परतला आणि त्यानं हाच प्रसंग पुन्हा रंगवला. त्याच्या चित्रात झेंडा नाही. दिपोनेगोरो डी कॉकच्या बरोबरीनं, ताठ मानेनं उभा आहे आणि चेहऱ्यावर गिळलेला संताप आहे. डच अधिकाऱ्यांची डोकी मात्र धडांच्या मानानं चांगलीच मोठी आहेत. इतका कसलेला चित्रकार प्रमाण चुकेल, हे पटत नाही. कळस म्हणजे हे चित्र त्यानं हॉलंडच्या राजालाच भेट दिलं. इंडोनेशियाला ते परत मिळायला १९७८ साल उजाडलं.

त्याच १८५७ च्या मार्चमध्ये मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं. तिथून आपल्याकडे डोंगर, झाड, माणूस ‘बरोबर’ कसा काढायचा याचं रीतसर शिक्षण आलं. इंडोनेशियाचे आजचे चित्रकार साहेबाची जुनी चित्रं समोर ठेवून त्यांच्याशी अजून हुज्जत घालतात. आपल्या सह्याद्रीला अशी हुज्जत घालायची वेळ आली, तर ती कुठून सुरू करावी, हे मला पाहायचं होतं. त्यासाठी मुंबईतली कलादालनं सोडून ठाणे जिल्ह्याची ही पूर्वेकडची टोकं निवडली. डोंगर इथे आहेत, आणि त्या डोंगरांची चित्रंही जागोजागी आहेत.

कसारा लोकल आसनगावला थांबली की माहुलीचे सुळके फलाटावरूनच दिसतात. शहापूरच्या एका शाळेत चित्रकला शिकवणारे एक स्नेही मोटारसायकल घेऊन आले होते. मी त्यांना ‘सर’ म्हणते, ते मला ‘ताई’. निघता निघता त्यांनी एका जिल्हा परिषद शाळेपाशी गाडी थांबवली. “आधी आमचं कलादालन बघा,” म्हणाले. शाळेची भिंत रंगवलेली होती. पाढे, बाराखडी, फळांची नावं आणि मधोमध एक निसर्गचित्र. दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, नागमोडी नदी, काठावर कौलारू घर आणि एक नारळाचं झाड. पाठ फिरवली की समोर खरा माहुली. त्याचा त्रिकोणाशी काडीचा संबंध नाही. भटोबा, नवरा, नवरी, वजीर असे तुटलेले, वाकडेतिकडे सुळके. आणि नारळ म्हणाल तर आजूबाजूला साग, ऐन नि मोह.

गंमत अशी, की इंडोनेशियातल्या शाळकरी पोरांना चित्र काढायला सांगितलं तर तीही हेच काढतात. दोन डोंगर, मध्ये सूर्य, मधून जाणारा रस्ता, दोन्ही अंगांना भातखाचरं. तिथं या चित्राची वंशावळ सांगता येते. डच अमदानीत जावाचे ज्वालामुखी, शेतं आणि माड रंगवून गोऱ्या गिऱ्हाइकांना विकायची पद्धत होती. त्या सगळ्या प्रकाराला ‘मोई इंडिए’, म्हणजे सुंदर इंडीज, असं नाव पडलं. १९३८ च्या सुमाराला एस. सुजोयोनो आणि त्याच्या सोबत्यांनी ‘पेरसागी’ ही चित्रकारांची संघटना उभारली. डोंगर, माड आणि भातशेत या त्रिकुटावर सुजोयोनोनं तोंडसुख घेतलं. त्याचा मुद्दा साधा होता. या देशात साखर कारखाने आहेत, भुकेली माणसं आहेत, ती या चित्रांत का नाहीत?

सरांना हे सांगितलं, तर ते हसले. “आमच्या परीक्षेत उलट आहे. एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या स्मरणचित्रात माणसं काढावीच लागतात. बाजार, जत्रा, बसथांबा, असे विषय असतात. पोरं घाबरतात ती माणसालाच. डोंगर कुणालाही येतो.” या ग्रेड परीक्षांचं मूळ इंग्रजी अमदानीत, जे. जे.च्या छत्राखाली. आता त्या कला संचालनालय घेतं आणि दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून पाड्यावरची पोरंही बसतात. सरांच्या दप्तरात मुलांची काही स्मरणचित्रं होती. बाजाराच्या एका चित्रात भाजीवाली, गिऱ्हाईक आणि हमाल अशी ठरलेली माणसं होती; पण भाजीवालीच्या मागं, कागदाच्या कडेला, डोक्यावर तीन हंडे घेतलेली एक बाई उगीचच उभी होती. विषयात नसलेली. सरांनी मुलीला विचारलं होतं, ही कशाला? ती म्हणाली होती, “आई आहे. ती नेहमीच असते.”

आटगावहून आत वळलं की तानसा. दगडी बांधकामाचं हे धरण १८९२ साली पुरं झालं, जवळपास पावणेतीन किलोमीटर लांब. पंपाशिवाय, निव्वळ उतारानं पाणी मुंबईकडे जावं अशी योजना होती आणि ती उत्तम चालली. मग १९५४ मध्ये वैतरणेवरचं मोडकसागर झालं, नंतर भातसा आलं, मध्य वैतरणा आलं. मुंबईच्या नळाला येणाऱ्या पाण्याचा फार मोठा हिस्सा या पट्ट्यातला. आणि याच शहापूर तालुक्यात मार्च सरला की पाड्यांवर टँकर फिरू लागतात, हे बातम्यांत दरसाल वाचायला मिळतं. बांधावरून पाहिलं तर मात्र यातलं काही दिसत नाही. निळं पाणी, काठचं रान, मागे डोंगरांची फिकट होत गेलेली रांग. कुठल्याही साहेबानं लगेच तिपाई मांडून जलरंग काढावेत असं.

रानाच्या कडेला एका कातकरी वाडीत शिरलो. कुडाच्या झोपड्या बंद, दारांना आडव्या काठ्या लावलेल्या. एक म्हातारी शेळीला पाला घालत होती. सरांनी विचारलं, “आजी, माणसं कुठं गेली?” “भट्टीवर. उचल घेतली नं दिवाळीत. आता पाऊस पडायच्या आदी येतील.” दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जायचं, घेतलेली उचल मजुरीत फेडायची आणि पावसाच्या तोंडावर परतायचं, हे इथल्या कातकऱ्यांचं वर्ष. मला एकदम जाणवलं, की निसर्गचित्र काढायला शहरातला चित्रकार इकडे येतो तो बहुतेक याच हंगामात. हवा छान, उजेड स्वच्छ आणि वाडी रिकामी. त्याचं चित्र खोटं म्हणता येणार नाही. फक्त त्या दिवशी माणसं कल्याण-भिवंडीच्या इमारतींसाठी विटा थापत होती.

इथं मला झिको अल्बायकुनी आठवला. बांडुंगचा हा चित्रकार १९८७ चा, म्हणजे तरुणच. त्याची चित्रं मी छापील रूपात आणि पडद्यावर पाहिली आहेत. ‘मोई इंडिए’ची रंगसंगती तो मुद्दाम उचलतो आणि ती गुलाबी, हिरवी, जांभळी अशी इतकी भडक करतो, की गोडवा घशाशी येतो. त्याच्या कॅनव्हासमध्ये दुसरे कॅनव्हास असतात, त्यांच्याभोवती माणसं वावरत असतात. सुंदर देखावा दिसतो, आणि तो देखावा कुणीतरी कुणासाठी तरी मांडलाय हेही त्याच वेळी दिसतं. त्यानं तानसा रंगवला असता तर निळं पाणी असतंच. पण त्यापुढे तिपाईवर निळ्या पाण्याचं चित्र असतं, ते विकत घेणारं कुटुंब असतं आणि तिपाईच्या पायांमधून जाडजूड पाइपलाइन मुंबईकडे गेलेली असती.

शहापूरहून मुरबाडला जायला किन्हवली, सरळगाव असा रस्ता आहे. खाचरांत भाताची धसकटं, मधूनमधून भेंडीचे हिरवे मळे. या रस्त्यावर आजचं ‘मोई इंडिए’ फुकट पाहायला मिळतं, होर्डिंगांवर. एन. ए. प्लॉट, फार्महाऊस, सेकंड होम. प्रत्येक फलकावर तेच डोंगर, धबधबा, धुकं, कोपऱ्यात पांढरा बंगला. हिरवळीवर एक जोडपं बसलेलं, तेही परदेशी छायाचित्रांच्या साठ्यातून उचललेलं. ज्यांची जमीन विकली जातेय ते फलकावर नाहीत, भेंडी तोडणाऱ्या बायाही नाहीत. समृद्धी महामार्ग शहापुरातून गेल्यापासून भाव वाढले, असं चहाच्या टपरीवर जो तो सांगत होता. सुजोयोनोचं म्हणणं इथं कुणाला समजावून सांगायची गरज पडली नसती.

मुरबाडचा मुक्काम आटोपून भल्या पहाटे वैशाखरे गाठलं. कल्याण-माळशेज रस्त्यावरचं हे गाव म्हणजे नाणेघाटाचा पायथा. पानगळ सुरू झालेल्या रानातून, घासून गुळगुळीत झालेल्या दगडांवरून वाट वर चढते. कोकणातल्या बंदरांमधून जुन्नरकडे जाणारा माल दोन हजार वर्षांपूर्वी याच वाटेनं चढायचा. माथ्याच्या जरा अलीकडे लेणं लागतं. बाहेरून पाहिलं तर साधी चौकोनी खोली. पण आपल्याकडच्या व्यक्तिचित्रांचा इतिहास लिहायचा झाला, तर मी तो या खोलीपासून सुरू करीन.

समोरच्या भिंतीवर सातवाहन राजघराण्यातल्या आठ व्यक्तींच्या प्रतिमा कोरलेल्या होत्या, आणि प्रत्येकीच्या डोक्यावर ब्राह्मी लिपीत तिचं नाव. राजा सिमुक सातवाहन. राणी नागनिका आणि राजा सातकर्णी. कुमार भाय. महारठी त्रनकयिर. कुमार हकुसिरी. कुमार सातवाहन. काही नावं पुसली आहेत, बाकीची वाचता येतात. प्रतिमा मात्र गेल्या. खाली वाकून पाहिलं तर पावलांचे तेवढे अवशेष दिसतात, खडकाला चिकटून राहिलेले उंचवटे. बाजूच्या भिंतींवर नागनिकेचा मोठा लेख आहे. कुठल्या यज्ञात किती गाई, किती हत्ती, किती कार्षापण दिले त्याचा हिशेब. आकडे लिहिण्याचे इतके जुने नमुने देशात फार थोडे आहेत. मुंबई सरकारसाठी आकडेवारी गोळा करत फिरणाऱ्या विल्यम साइक्सनं १८२८ मध्ये हे लेणं पाहिलं, आणि पुढे भगवानलाल इंद्रजींसारख्या पंडितांनी लेखांचं वाचन पुढे नेलं.

सोबतीला वैशाखऱ्याचा एक ठाकर तरुण होता. मोबाइलचा उजेड त्यानं आडवा धरला, म्हणजे अक्षरांच्या खोबणीत सावली पडून ती ठळक होतात. बऱ्याच लोकांना दाखवून त्याचा हात बसला होता. “ताई, नाव राहिलं आणि माणूस गेला,” तो म्हणाला. “आमचं उलटं. ट्रेकवाले आमचे फोटो काढतात, खाली लिहितात लोकल गाइड.”

त्याच्या बोलण्यानं मला विल्यम जॉन्सनचं पुस्तक आठवलं. मुंबई इलाख्यातल्या ‘जाती-जमातीं’च्या छायाचित्रांचे हे दोन खंड १८६३ आणि १८६६ चे. त्यात माणसांचे गट आहेत आणि खाली त्यांच्या जातीचं नाव, माणसाचं नाही. शिवाय जॉन्सनची एक युक्ती होती. माणसांचं छायाचित्र वेगळं काढायचं, देखाव्याचं वेगळं, आणि दोन्ही कातरून एकत्र चिकटवायची. नीट पाहिलं की पायांपाशी गडबड कळते, माणसं जमिनीवर उभीच नसतात. नाणेघाटात जमिनीला टेकलेली पावलं आणि नावं शिल्लक आहेत, शरीरं नाहीत. जॉन्सनकडे शरीरं जशीच्या तशी आहेत. नाव नाही आणि पायाखाली जमीनही नाही. गॅझेटिअरचा ठाणे खंड १८८२ चा. त्यात ठाकर, कातकरी, वारली यांची घरं, कपडे, देव, लग्नं सगळं तपशिलानं नोंदलंय. तेही वर्णन जातीचं. त्यातून एका माणसाला ओळखून हाक मारता येत नाही.

परतीला म्हशावरून गेलो. पौष पौर्णिमेच्या जत्रेचे दिवस. बैलबाजारासाठी ट्रकमधून खोंडं उतरत होती, घोंगडीवाल्यांनी पालं ठोकली होती. म्हशाहून नारिवलीच्या बाजूला गेलं की सिद्धगड अंगावर येतो. बालेकिल्ल्याचा काळा कातळ, खाली माची, भोवती भीमाशंकरचं रान. माथेरानचे वकील विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, म्हणजे भाई कोतवाल, १९४२ च्या चळवळीत भूमिगत झाले. त्यांच्या आझाद दस्त्यानं मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले. त्याआधी याच माणसानं गरीब शेतकऱ्यांसाठी धान्यपेढ्या चालवल्या होत्या, खेड्यांत शाळा काढल्या होत्या. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे सिद्धगडाच्या रानात पोलिसांनी त्यांना गाठलं. कोतवाल आणि हिराजी पाटील तिथंच मारले गेले.

दर २ जानेवारीला इथं मानवंदना असते. आम्ही पोचलो तेव्हा स्मारकावरचे हार पुरते सुकले नव्हते आणि कार्यक्रमाचे फ्लेक्स अजून उभे होते. त्यांवर हुतात्म्यांचे चेहरे एका कोपऱ्यात, तिकिटाएवढे. बाकी जागा स्वागतोत्सुक पुढाऱ्यांची. सरांनी मला कोपरानं खुणावलं. “तुमच्या सालेहनं डोकी मोठी काढली ती कुणाची म्हणालात?”

वाटेवरच्या टपरीत चहा सांगितला आणि मी पिशवीतले दोन्ही प्रिंट बाकड्यावर मांडले. शेजारी एक म्हातारे बाबा बसले होते, डोक्याला पांढरं फडकं. नाव-गाव काही न सांगता विचारलं, “बाबा, यात काय चाललंय?” त्यांनी पीनेमानचं चित्र आधी उचललं. “हा सायब. हा वाकलाय. त्याला गाडीत बस म्हनतो.” मग सालेहचं बराच वेळ न्याहाळलं. “हा फसला.” “कसं ओळखलंत?” “सरन आलेला मानूस रागवंल कशाला? ह्याला बोलावून धरलाय.” म्हाताऱ्यानं सालेहचं चित्र सालेहला हवं तसं वाचलं होतं, कलेचा इतिहास न शिकता. मग त्यांनी बोट ठेवलं ते जमिनीवर बसलेल्या दिपोनेगोरोच्या माणसांवर. “आनि ह्यांचं काय झालं पुढं?”

याचं उत्तर दोन्ही चित्रांत नाही. इंडोनेशियात दिपोनेगोरोच्या नावानं रस्ते आहेत, विद्यापीठ आहे, नोटेवर त्याचं चित्र आलं. जकार्तात १९६० साली जन्मलेल्या हेरी डोनो या चित्रकाराला हे गौरवचित्रही पुरं वाटलं नाही. त्यानं २००७ मध्ये अटकेचा प्रसंग परत रंगवला, वायांग या छायाबाहुल्यांच्या खेळातल्यासारख्या वेड्यावाकड्या आकृत्यांनी, आणि शीर्षकातच ही अटक चुकीची ठरवून टाकली. आधी डच चित्र, मग सालेहचं उत्तर, मग त्या उत्तराचीही खिल्ली. तीन पिढ्यांनी तोच ओटा, त्याच पायऱ्या, तीच माणसं पुन्हा काढली आणि दर वेळी कुणाची तरी जागा बदलली. बाबांनी विचारलं त्या माणसांची जागा बदलायची अजून बाकी आहे.

आपल्याकडे हे काम कुणी करतच नाही असं नाही. सुधीर पटवर्धनांनी क्ष-किरण तज्ज्ञाची नोकरी-व्यवसाय सांभाळून ठाण्याचा कामगार, ठाण्याचे नाले, वाढत्या इमारती रंगवल्या. चंद्रपूरच्या खाणपट्ट्यातला प्रभाकर पाचपुते कोळशानंच खाणकामगार आणि उकरलेली जमीन रेखाटतो. पण लोकलच्या रुळावरून कल्याण ओलांडलं, की पुढचा डोंगर अजून भिंतीवरच्या त्रिकोणाचा, नाहीतर होर्डिंगवाल्याचा. याच डोंगरांत इंग्रजांविरुद्ध बंड केलेल्या राघोजी भांगरेंना १८४८ मध्ये ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. फलकांवर दिसणारं त्यांचं रूप नंतरच्या चित्रकारांनी कल्पनेनं घडवलेलं आहे. म्हणजे पीनेमानसारखं खोडायला मूळ चित्रच नाही. हुज्जत घालायची ती रिकाम्या जागेशी.

म्हणून मला वाटतं, आपली सुरुवात इंडोनेशियासारखी एका मोठ्या कॅनव्हासवरून होणार नाही. ती सरांच्या वर्गातूनच होईल. विषय ‘बाजार’ असताना आईला हंड्यांसकट आणून उभं करणाऱ्या त्या मुलीला परीक्षक कदाचित गुण कमी देईल. विषय सोडून काढलं म्हणेल. तिला जे. जे.मध्ये प्रवेश मिळाला, किंवा नाही मिळाला आणि तरी ती काढत राहिली, तर तानसाच्या निळ्या पाण्यापुढे कोण उभं असतं हे तिला कुणी शिकवावं लागणार नाही. सर आता तिला चित्राखाली आईचं नाव लिहायला सांगणार आहेत.